खुर्च्या भिंतीला लावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



इटलीच्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. १९५९च्या जून महिन्यात तिथल्या नार्दो गावी एका गरीब घरातली खोली रिकामी करून मधोमध पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर एक तरुण विवाहिता पडून होती आणि कडेला वादक बसले होते. व्हायोलिन, गिटार, अकॉर्डियन आणि जोडीला तंबुरेल्लो, म्हणजे झांजा लावलेली, तुकडोजी महाराजांच्या हातात शोभली असती अशी खंजिरी. व्हायोलिन वाजवणारा लुइजी स्तिफानी पेशाने न्हावी. बाईला तारांतुला, म्हणजे तिकडचा एक मोठा कोळी, चावलाय असं घरचे सांगत होते. वादक एकेक चाल वाजवून बघत. लागू पडणारी चाल सापडली की बाईच्या टाचा चादरीवर ताल धरत, मग ती उठे आणि दमून पडेपर्यंत नाचे. थोडी विश्रांती, की पुन्हा वादन, पुन्हा नाच.

हे बघायला एर्नेस्तो दे मार्तिनो नावाचा अभ्यासक आला होता. त्याने सोबत मानसोपचारतज्ज्ञ आणला होता, मानसशास्त्रज्ञ आणला होता आणि दिएगो कार्पितेल्ला हा लोकसंगीताचा अभ्यासकही. १९६१मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याला दिसलं ते असं : चावा बसलेल्यांत बाया जास्त, त्यातही शेतमजूर बाया. चावा एकदाच बसतो, पण त्याचं विष दर वर्षी जूनमध्ये, कापणीच्या दिवसांत, परत उठतं. अशा विषाचा कोळी कुठल्याच प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नाही. नार्दोच्या त्या बाईची हकीकत बघितली तर वडील लहानपणी गेलेले, ज्याच्यावर जीव जडला त्याच्या घरच्यांनी नकार दिलेला आणि नको असलेलं लग्न गळ्यात पडलेलं. आता चावलं होतं ते काय, हे सांगायला कोळ्याची गरज उरत नाही.

या हकिकतीचा दुसरा भाग आपल्या खात्याच्या जास्त कामाचा आहे. २९ जूनला, संत पीटर आणि संत पॉल यांच्या सणाला, याच बाया गालातिना गावच्या संत पॉलच्या चॅपेलात येत. तिथे वाद्यांना जागा नव्हती. घरी जिचा नाच तालात सुरू होऊन तालात संपायचा, ती इथे किंचाळायची, जमिनीवर लोळायची, आणि त्याला शेवट असा नसायचा. ताल काढून घेतला आणि मागे नुसता आकांत राहिला. दे मार्तिनोने नोंदवलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत महत्त्वाची म्हणायला हवी.

साहेब, महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. संबळ वाजला की अंगात येणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे बघायच्या आपल्या दोनच तऱ्हा. एक हात जोडण्याची, दुसरी हसण्याची. तिसरी तऱ्हा पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी वापरली. त्यांनी आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर लेख लिहिला. घरातला आणि समाजातला आघात सोसलेली माणसं तिथे का जातात आणि त्यातून कशी सावरतात, हा त्याचा विषय. दावर यांच्या मातोश्रींनी मनोरुग्णालयाचा अनुभव घेतलेला होता आणि ट्रस्टचं नाव त्यांच्यावरूनच ठेवलेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी पुस्तकात शोधला नव्हता.

म्हणून काही या पत्रात भगताला सरकारी नोकरी मागितलेली नाही. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा या राज्याने मोठी किंमत मोजून केला आहे आणि त्याला ढिला करणारी एक ओळही इथे नाही. भूत उतरवायला मारहाण करणारा मांत्रिक गुन्हेगारच. पण मांत्रिकाला घालवताना आपण ताल, फेर आणि भोवती उभं राहणारं गाव यांनाही उपचाराच्या खोलीबाहेर घालवलं, एवढंच म्हणणं आहे. बाकीच्या जगाने ते पुन्हा आत कसं घेतलं, हे आपल्या कानावर घालावं म्हणून हा खटाटोप.

आधी एक शरीराची गोष्ट. आघात झालेल्या माणसाला समुपदेशक विचारतो, "काय झालं ते सांगा." माणूस गप्प राहतो. हा हट्ट नव्हे, भिडस्तपणाही नव्हे. १९९६मध्ये स्कॉट राउच, बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघातोत्तर तणावाच्या ८ रुग्णांना त्यांच्याच भयंकर आठवणींची कथनं ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. भीतीशी संबंधित भाग उजळले, आणि डाव्या बाजूचा ब्रोका हा बोलण्याशी संबंधित भाग मंदावला. ८ माणसांवरून मेंदूचा कायदा लिहिता येत नाही. पण "दातखीळ बसली", "वाचा गेली" हे शब्द मराठीत उगाच आलेले नाहीत, एवढं तरी यावरून म्हणता येतं. छाती धडधडते, खांदे कानाला लागतात, श्वास वरच्यावर राहतो, झोप मोडते. दुखणं अंगात बसलेलं आणि आपण दार ठोठावतोय ते तोंडाचं.

किल्लारीच्या भूकंपाची वेळ मराठवाड्याला पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं उशिरा निजलेली. दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर कितीतरी काळ वाचलेली माणसं छताखाली झोपायला तयार नव्हती. पत्र्याखाली, अंगणात, उघड्यावर झोपत. "घर मजबूत आहे" असं अभियंत्याने कितीही समजावलं तरी पाठीला पटायचं नाही. पाठीला पटवायचं शास्त्र आपल्याकडे तेव्हा नव्हतं. आज ते आहे आणि त्याचा अभ्यासक्रम मुंबईतच शिकवला गेला आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

या शास्त्राची, म्हणजे नृत्योपचाराची, आधुनिक सुरुवात रुग्णालयातच झाली. १९४२मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस नावाची नर्तकी काम करू लागली. युद्धावरून परतलेले, कुणाशी न बोलणारे सैनिक तिथे दाखल होत होते. चेसबाईंची पद्धत ऐकायला अगदी साधी. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. कुणी बोटं हलवली तर बाईही तशीच बोटं हलवणार, कुणी पाय आपटला तर तसाच पाय. तू हललास ते मला दिसलं, असं न बोलता सांगणं. १९६६मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना उभी राहिली तेव्हा पहिल्या अध्यक्ष त्याच झाल्या. भोंडल्याचा फेर धरणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं निम्मं तरी ठाऊक होतं. सासरचं जे गाऱ्हाणं घरात उच्चारायची सोय नव्हती ते त्या फेरात, सगळ्यांच्या तोंडाने, हसत म्हणत. आणि फुगडीत तर दोघी एकमेकींच्या वजनावर उभ्या असतात. एकीने हात सोडला की दोघी पडणार. विश्वास शिकवायला याहून स्वस्त साधन कुठल्याही निविदेत मिळणार नाही.

सिएरा लिओनमधलं उदाहरण जरा तपशिलात सांगावं लागेल, कारण तिथला प्रश्न सर्वांत अवघड होता. १९९१ ते २००२ असं ११ वर्षं चाललेलं ते यादवी युद्ध पूर्वेच्या कैलाहुन जिल्ह्यातून सुरू झालं. लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या गेल्या. युद्ध संपलं, मुलं गावी आली, पण गाव त्यांना घेईना. घेणार कसं? ज्यांचे आईबाप मारले गेले होते त्याच मुलांच्या हातून दुसऱ्यांचे आईबाप मारले गेले होते. कोइंदू या सीमेवरच्या गावात छळपीडितांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेतर्फे डेव्हिड ॲलन हॅरिस हा नृत्योपचारक काम करत होता. त्याने आणि तिथल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी अशा १२ किशोरवयीन मुलांचा गट बांधला. सगळे अनाथ, सगळे माजी बालसैनिक. मुलांनी स्वतःच्या गटाला किस्सी भाषेत नाव घेतलं, 'पोइंबोई वीया कोइंदू', म्हणजे कोइंदूची अनाथ पोरं.

मुलं एकत्र हलायला लागली, एकमेकांच्या हालचाली उचलायला लागली. पुढे पुढे जे झालं होतं ते अंगाने दाखवायला लागली. हॅरिसने २००७मध्ये लिहिलेल्या वृत्तांतानुसार चिंता, खिन्नता, अचानक उसळणाऱ्या आठवणी, दचकणं आणि आक्रमकपणा ही लक्षणं उतरत गेली. पण खरी कसोटी शेवटी होती. मुलांनी गावासमोर प्रयोग करायचं ठरवलं. त्यात त्यांनी स्वतःवर झालेलं दाखवलं आणि स्वतः केलेलंही दाखवलं. छळ सोसणारे तेच, छळणारे तेच. बोलून हे झालं नसतं. बोलताना माणूस सबब सांगतो किंवा माफी मागतो, आणि ऐकणारा सबब मोजतो किंवा माफी नाकारतो. अंगाने दाखवताना दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गावाने ते पाहिलं आणि मुलांना परत जवळ करायला तिथून वाट मिळाली.

रवांडात वाट वेगळी. १९९४च्या १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. दहा वर्षांनी, २००४मध्ये, बुतारे शहरात ओडील गाकिरे कातेसे या नाट्यकर्मी बाईंनी बायकांचं ढोलपथक काढलं, 'इंगोमा न्शा'. तिथे बाईने ढोलाला हात लावायचा नाही अशी जुनी रीत होती. पुण्याच्या पथकांत मुलींना पुढच्या रांगेत बघणाऱ्या आपल्याला त्यातलं धाडस पटकन कळणार नाही. या पथकात मारल्या गेलेल्या तुत्सी समाजातल्या विधवा होत्या आणि हत्याकांडात हात असलेल्यांच्या बायकाही होत्या. त्या समोरासमोर बसून समेट करत नव्हत्या. एकीचा टोल पडल्यावर दुसरीचा कधी पडायचा, एवढंच ठरलेलं. २०१०मध्ये याच बायकांनी आइस्क्रीमचं दुकान काढलं. त्यांच्यावर 'स्वीट ड्रीम्स' नावाचा माहितीपट झाला. 'उपचार' हा शब्द पथकाच्या नावात कुठे नाही, आणि ते बरंच आहे.

अँड्र्यू सॉलोमन हा अमेरिकी लेखक एक अनुभव सांगतो. स्वतःच्या नैराश्यासाठी त्याने सेनेगलमध्ये ढोल, नाच आणि बळीच्या मेंढ्यासह होणारा विधी करून घेतला होता. पुढे रवांडात त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा समोरच्या माणसाने बाहेरून आलेल्या मनोपचारकांची कैफियत मांडली. ते लोकांना उन्हात नेत नव्हते, ढोल नव्हता, गाव जमत नव्हतं, एकेकाला अंधाऱ्या खोलीत बसवून वाईट तेवढं बोलायला लावत. शेवटी त्यांना जायला सांगावं लागलं. ही गोष्ट सभांमध्ये टाळ्या घेते, म्हणून तिच्याकडे थोडं सावधपणे बघावं. खोलीत बसून बोलणं अनेकांना तारतं. पण आपल्या समुपदेशन केंद्रांतलं टेबल, दोन खुर्च्या आणि छापील फॉर्म आठवून पाहिला तर त्या माणसाचं म्हणणं अगदीच टाकाऊ ठरत नाही. सेनेगलच्याच डाकारमध्ये, फान रुग्णालयात, आंरी कोलोंब या फ्रेंच लष्करी मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात पारंपरिक उपचारकांशी बोलणं सुरू ठेवलं, रुग्णासोबत घरच्या माणसाला राहू दिलं आणि रुग्ण, नातलग, डॉक्टर यांची गावच्या पारावर भरते तशी बैठक भरवली. वैद्यकशास्त्राचं त्यात काही बिघडलं नाही.

आता भारतात येऊ. सोहिनी चक्रवर्ती या समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि नर्तकीने २००४मध्ये 'कोलकाता संवेद' ही संस्था सुरू केली. देहव्यापारासाठी विकल्या गेलेल्या आणि सोडवून आणलेल्या मुलींसोबत ती काम करते. या मुलींचं शरीर हीच त्यांच्यावरच्या अत्याचाराची जागा. ते शरीर पुन्हा आपलं वाटायला लावणं, पाय जमिनीवर ठाम टेकवणं, हात लांब करून 'इथपर्यंत माझी जागा' असं आखणं, 'नको' हा शब्द अख्ख्या अंगाने म्हणणं, यापासून नृत्योपचार सुरू होतो. सोडवून आणलेल्या मुलींपैकी काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या आणि संस्थेचं काम त्यांच्याच खांद्यावर चालतं. या संस्थेने मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेससोबत नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. म्हणजे मंत्रालयापासून देवनारला या इन्स्टिट्यूटपर्यंत गाडी पाठवली तरी या विषयाचे जाणकार सापडतील.

पुराव्याचं काय, असं आपले सचिव विचारतील आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. उत्तर प्रामाणिक द्यायचं तर पुरावा आहे, पण थोडा आणि विखुरलेला. व्हॅन डर कोल्क यांनी २०१४मध्ये इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रियांवर योगाची चाचणी केली. १० आठवड्यांनी योगाच्या गटातल्या ३१पैकी १६ जणी आघातोत्तर तणावाच्या निकषांत बसेनाशा झाल्या, तर तुलनेच्या गटातल्या २९पैकी ६. उलट बाजूला, नैराश्यावरच्या नृत्योपचाराचा कोक्रेन आढावा २०१५मध्ये आला तेव्हा त्याला घेण्याजोगे जेमतेम ३ अभ्यास मिळाले, एकूण १४७ माणसांचे, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येणार नाही असं आढावाकारांनी लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या अहवालात कला आणि आरोग्य यांवरचे ३,०००हून जास्त अभ्यास एकत्र पाहिले आणि सरकारांनी याची दखल घ्यावी असं म्हटलं. तेव्हा या पत्रातला दावा मोठा नाही. औषध बंद करा असं त्यात नाही, मानसोपचारतज्ज्ञाला बाजूला करा असंही नाही.

धोकेही आहेत, आणि ते न सांगणं लबाडी ठरेल. बॉम्बस्फोटातून वाचलेल्या माणसाच्या कानाशी अचानक ढोल वाजवणं म्हणजे त्याला स्फोट परत ऐकवणं. अत्याचार सोसलेल्या मुलीचा हात न विचारता धरून तिला फेरात ओढणं हा दुसरा अत्याचार. "नाचा, मोकळे व्हा" म्हणणारे हौशी शिबिरवाले आज गल्लोगल्ली आहेत. चाल कुठली, किती वेळ, थांबायचं कधी, हे नार्दोच्या न्हाव्याला कळत होतं. ते कळणारा माणूस लागतो, आणि म्हणूनच हा विषय सांस्कृतिक कार्य विभागाकडे न ढकलता आपल्या खात्याने घ्यावा.

कायद्याची अडचणही नाही. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि हालचाल यांवर आधारित उपचार करणाऱ्यांचा आरोग्य व्यावसायिक म्हणून उल्लेख आहे. संसदेने ज्यांना ओळखलं, त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पद नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहे, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे, सामाजिक कार्यकर्ता आहे, परिचारिका आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मानसिक आजार असूनही उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं होतं. एवढं खिंडार असताना मदतीला आलेला हात दारात उभा ठेवणं परवडणारं नाही.

३६ जिल्ह्यांत एकदम काही करू नये, त्याचं काय होतं ते आपल्याला अनुभवाने माहीत आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत एकेक प्रशिक्षित उपचारक नेमून बघावा. आधीची आणि नंतरची लक्षणं मोजावीत, आकडे चांगले आले तरी छापावेत आणि वाईट आले तरी छापावेत. आणि दरडींच्या जिल्ह्यांत एक वेगळं पथक तयार ठेवावं. त्यात उपचारक बाहेरचा असेल तर ढोलकीवाला, भजनी मंडळाचा पखवाजी किंवा फेर धरणारी बाई त्याच गावची असावी.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता ठरवून शोध थांबवावा लागला. म्हणजे ५७ जणांना खांदा देता आला नाही, त्यांच्यामागे रडत चालता आलं नाही. वाचलेल्यांना कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं. पाऊस पत्र्यावर कसा वाजतो आणि त्या आवाजाने कुणाची झोप उडते, हे कुठल्याच फॉर्मात विचारलेलं नसतं.

पावसाळा जूनमध्ये लागतो. त्याआधी रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या मानसिक आरोग्य पथकांत प्रत्येकी एक नृत्योपचारक किंवा संगीतोपचारक नेमण्याचा आदेश काढावा, आणि त्यांना खुर्च्या भिंतीला लावता येतील एवढी एक खोली द्यावी, ही विनंती.

कळावे,
एक नागरिक